जॉबरच्या कार्डावरचा स्टिकर

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, दुकानातल्या मैत्रिणींना तर नाहीच. आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, त्यांच्या दारावरून रोज चार वेळा जाते-येते, हसते, "जेवलात का?" विचारते — आणि सांगत नाही. आज तुम्हाला सांगते. मध्ये थांबवू नका. थांबले की पुन्हा गिळून टाकीन, आणि गिळायची मला आता चांगलीच सवय झालीय.

मी हिंदमाताला साड्यांच्या दुकानात काउंटरवर असते. एकोणीस वर्षं झाली. कुठलं गिऱ्हाईक आधी चार दुकानं फिरून आलंय, हे मला त्याने तोंड उघडायच्या आत कळतं. भाव काढणं माझ्या अंगातच भिनलंय म्हणा ना. आमची चाळ डिलाईल रोडला. चाळीत कुणाला मिक्सर घ्यायचा असो, बारशाला हॉल बघायचा असो, आधी माझ्याकडे येतात. सुमनला विचारा, ती बरोबर सांगेल. मला ते आवडतं — खोटं कशाला बोलू? फार आवडतं. घरात माझं कोण ऐकतंय? पण चाळीत माझ्या शब्दाला वजन आहे.

आमच्याच मजल्यावर, शेवटच्या खोलीत, कांबळे काका राहतात. सत्तरीला आलेत. तरुणपणी गिरणीत होते, गिरणी गेली तशी वॉचमनकी केली. काकू वारल्या, मुलगी बदलापूरला दिलेली. उरला तो कुत्रा. तांबूस, एक कान पडलेला, गल्लीतलाच. गॅलरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर डोळा ठेवायचा, म्हणून काकांनी त्याचं नाव ठेवलं जॉबर. गिरणीत कामगारांवर नजर ठेवायचा ना, तो जॉबर. "आयुष्यभर जॉबरने मला पळवलं, आता मी याला साखळीला धरतो," असं म्हणून काका हसायचे, आणि प्रत्यक्षात तोच त्यांना ओढत न्यायचा.

माझ्याकडेही कुत्री आहे, चिंगी. पांढरी, फाजील लाडावलेली. त्यामुळे कुत्र्यांच्या डॉक्टरचं, इंजेक्शनचं काही असलं की लोक मलाच विचारायचे. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी ठरवलं, एकदा हे सगळं नीट लिहूनच काढू. दादरच्या क्लिनिकपासून ठाकूरद्वारच्या डॉक्टरांपर्यंत सगळीकडे फोन केले. रेबीजचं इंजेक्शन किती, सात रोगांची एकत्र लस किती, जंताचं औषध किती, नुसतं तपासायचे किती. आणि काय फरक, बापरे! तीच लस, तेच इंजेक्शन, दादरला साडेअकराशे आणि लालबागच्या एका ट्रस्टच्या धर्मादाय दवाखान्यात साडेतीनशे. मी तक्ता केला. जुन्या कॅलेंडरच्या मागे, स्केचपेनने, लाल रेघा मारून. खाली जिन्यापाशी लावला. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं — उगाच लुटले जाऊ नका.

आता ऐका. त्याच महिन्यात चिंगीची लस मी दादरला दिली होती. हो, साडेअकराशेवाल्याकडे. का? तिथे एसी आहे, फोन करून वेळ घेता येते, ताटकळावं लागत नाही. चाळीला उपदेश, आणि आपण मात्र एसीत. हेही कुणाला माहीत नव्हतं.

काका साधे. ते म्हणाले, जॉबरला दादरलाच नेतो, पैसे जातील तर जाऊ देत, डॉक्टर चांगला आहे. मीच अडवलं त्यांना. तक्त्यासमोर उभं करून बोटाने आकडे दाखवले. "काका, तुम्हाला काय पैसे वर आलेत का?" मी म्हणाले. त्यांचा पाय साखरेने सुजलेला, त्यावरची जखम भरत नव्हती, लालबागला रांगेत उभं राहणं जमायचं नाही, म्हणून मीच म्हटलं — मी नेते. मे महिन्यातला बुधवार, माझी सुट्टी. जॉबर टॅक्सीत माझ्या मांडीवर तंगड्या पसरून बसला होता.

दवाखान्यात दोन तास बसले. नंबर आला. रेबीजचं दिलं, कार्डावर स्टिकर लावला, शिक्का मारला. त्या बाटलीवरचं लेबल सोलून कार्डावर चिकटवतात ना, तो स्टिकर. लस दिल्याचा पुरावा तोच. आणि मग तिथल्या बाई म्हणाल्या, सातवाली लस संपलीय, पुढच्या आठवड्यात फोन करून या, नाहीतर बाहेरून घ्या. अगदी सरळ सांगितलं बिचारीने. त्यांची काही चूक नाही.

मी काय करायला हवं होतं? तिथून तडक दादरला जायचं, नाहीतर घरी येऊन काकांना सांगायचं की लस मिळाली नाही. एवढंच. एवढंच होतं हो! पण जिन्यापाशी तो तक्ता लागला होता. सकाळीच दोघीतिघींनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं होतं. आणि आता मी जाऊन सांगू, की माझ्या स्वस्त दवाखान्यात लसच नाही? माझं नाक खाली?

पुढच्या आठवड्यात गुपचूप नेईन, असं ठरवलं. घरी आले. चिंगीचं कार्ड काढलं, कुकरच्या वाफेवर धरलं, सातवाल्या लसीचा स्टिकर नखाने अलगद सोडवला आणि जॉबरच्या कार्डावर रेबीजच्या शेजारी, त्याच शिक्क्याच्या रेघेत, डिंकाने चिकटवला. बेमालूम बसला. काकांना कार्ड दिलं, दोन्ही लसींचे पैसे कापून उरलेले परत केले. म्हणजे चोरीही झाली. काकांनी कार्ड कपाळाला लावलं. "बाय, तू आहेस म्हणून माझं चालतं," म्हणाले.

पुढच्या आठवड्यात दुकानात लग्नाची गर्दी होती. त्याच्या पुढच्या आठवड्यात बहीण आली होती. मग मी विसरले — नाही, विसरले नाही. विसरल्यासारखं केलं.

तुम्हाला वाटेल, हीच ती चूक. नाही. ही चूक मी कदाचित कधीतरी हसत हसत कबूल केलीही असती. खरी गोष्ट पुढे आहे.

ऑगस्टमध्ये आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी भरलं. जॉबर घरात घाण करणाऱ्यातला नव्हता, जीव गेला तरी करायचा नाही. काका त्याला घेऊन पाण्यातून कोपऱ्यापर्यंत गेले आणि आले. आठवड्याभराने जॉबर जेवेना. ओकायला लागला. गॅलरीतून कोण गेलं, कोण आलं, मान वर करून बघेना. काका घाबरले, आणि या वेळी माझ्या तक्त्याकडे न बघता म्हणाले, दादर. मी सोबत गेले.

तेच क्लिनिक, तोच एसी. डॉक्टरांनी तपासलं, पाणी भरलं होतं का विचारलं, मग कार्ड मागितलं. काकांनी प्लास्टिकच्या पिशवीतून काढून दिलं. डॉक्टरांनी त्या स्टिकरवर बोट ठेवलं — त्यांच्याच फ्रिजमधल्या बाटलीचा स्टिकर तो, चिंगीचा! — आणि म्हणाले, "लेप्टोची लस यातच येते, मेमध्ये झालेली दिसतेय. नक्की दिली होती ना?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. टेबलावर जॉबर आडवा पडला होता, त्याची शेपटी माझ्या हाताला लागत होती.

"हो डॉक्टर," मी म्हणाले. "मीच नेलं होतं."

शेवटचं वाक्य तर खरंच होतं, नाही का? मीच नेलं होतं. त्या खोलीत चार माणसं सुद्धा नव्हती. कुणी मला फासावर देणार नव्हतं. फार तर काका रागावले असते, फार तर चाळीत चार दिवस हसू झालं असतं. एक शब्द — नाही — एवढाच बोलायचा होता. मी ओठ उघडले आणि दुसरा बोलले. का? मला विचारू नका, कारण उत्तर मला माहीत आहे आणि ते फार लहान आहे. माझी लाज वाचवायची होती.

डॉक्टर म्हणाले, मग बहुतेक पोटाचंच असेल. पोटाची औषधं दिली, दोन दिवसांनी दाखवा म्हणाले. ते दोन दिवस मी काकांच्या घरी पेज करून नेली. चमच्याने जॉबरला भरवायला बसले. त्या दोन दिवसांतही सांगता आलं असतं, सकाळी, दुपारी, कधीही. तिसऱ्या दिवशी जॉबरचे डोळे पिवळे झाले. रक्त तपासलं. लेप्टो, तुंबलेल्या पाण्यातून होतो तो. किडन्या गेल्या होत्या. डॉक्टर हळहळले, म्हणाले, लस घेऊनही कधी कधी होतं, पहिल्याच दिवशी शंका आली असती तर बरं झालं असतं. काकांच्या पायाची जखम बघून त्यांना लगेच तपासून यायला, गोळ्या घ्यायला सांगितलं. हा आजार माणसालाही होतो, हे मला तिथे कळलं. काकांना काही झालं नाही. जॉबर दुसऱ्या दिवशी सकाळी गेला, काकांच्या मांडीवर.

आणि काकांनी दोष कुणाला दिला? डॉक्टरला नाही, लसीला नाही, मला तर नाहीच. स्वतःला. "मी त्याला पाण्यात नेला. मी कशाला नेला पाण्यात?" येईल त्याला हेच सांगायचे. "सुमनने बिचारीने लस देऊन आणली होती, मीच घालवला त्याला." आणि मी तिथेच बसून होते, डोळ्यांना पदर लावून. रडणं खरं होतं हो. पण त्याचा उपयोग काय?

वर्ष होत आलं. काका सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसतात, रिकामा हात गजावर ठेवतात. मी दोन-तीनदा ठरवलं आणि दोन-तीनदा माघारी आले. तसंच चाललं असतं. पण गेल्या रविवारी खालच्या मजल्यावरच्या नलूने त्यांच्यासाठी एक पिल्लू आणलं, गल्लीतलंच, महिना-दीड महिन्याचं. काकांच्या मांडीवर ठेवलं. काकांनी त्याला पाठीवरून हात फिरवला, दोनदा, तीनदा — मग उचलून परत नलूच्या हातात दिलं.

"नको," म्हणाले. "माझ्या हातात जीव देऊ नका कुणाचा."

मी तेव्हा हातात ताट घेऊन दारात उभी होते. वाटलं, एका माणसाचा कुत्रा मी घालवला, आणि आता त्यांचा स्वतःवरचा भरवसाही घालवतेय — वर्षभर रोज थोडं थोडं. ते पिल्लू नलूकडे आहे अजून. कुणी मागितलं तर देणार म्हणते.

आज पुन्हा रविवार. सकाळी आधी खाली जाऊन तो तक्ता काढला. लोकांना आकडे हवेच असतात, म्हणून नवा लावला. वर माझंही लिहिलं, की मी चिंगीला दादरला नेते. आणि खाली — जाण्याआधी फोन करून लस आहे का विचारा, लस डोळ्यांसमोर द्यायला सांगा, कार्ड तिथेच भरून घ्या. "उगाच लुटले जाऊ नका" हे आता लिहिलं नाही.

जॉबरचं कार्ड काकांनी साखळीसोबत खिळ्याला टांगून ठेवलंय. चिंगीचं माझ्या पिशवीत आहे. त्यावर एक चौकोन खरवडलेला आहे, कडेला थोडा कागद निघालेला. दोन्ही कार्डं शेजारी ठेवली की कुणालाही कळेल. तोंडी सांगताना माझी जीभ वळेल, याचा मला भरवसा नाही, म्हणून हे कार्ड घेतलंय.

माफी मागणार नाही. मागितली की काका देऊन टाकतील, त्यांचा स्वभावच तसा, आणि माझं पुन्हा सोयीचं होईल. फक्त सांगणार. वाक्य पाठ केलंय: काका, जॉबरला ती लस दिलीच नव्हती, आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. ते ओरडले तर ऐकेन, दार लावलं तर बाहेर उभी राहीन, चाळीला सांगितलं तर सांगू देत.

चारला ते चहा ठेवतात. दार उघडंच असतं. स्टोव्हचा आवाज येतोय. जाते.