बाबांचा अबोला आणि मऊ पाव

मंडळी, मांद्र्याला जाऊन फॅशन म्हणून जीभ टोचून आले, त्याला आज पाच दिवस झाले. तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. तिखट आणि गरम बंद असल्यामुळे मी गार पेज पिते आणि माशांच्या हुमणाचा नुसता वास घेते.

सकाळी पाववाल्या पोदेराचा हॉर्न वाजला. आमच्याकडे रोज काकणं येतात, बांगडीसारखी गोल आणि कडक. बाबांना चहाबरोबर तीच लागतात. आज ते दारातूनच म्हणाले, "आज काकणां नाका रे. मोव पाव दी. चेडवाची जीब दुखता." चेडू म्हणजे मी.

थंड दुधात पाव कुस्करून त्यांनी वाटी माझ्यापुढे सरकवली. मग स्वतःही तोच पाव चहात बुडवून, तोंड वाकडं करत खाल्ला.

जीभ मी टोचली, पथ्य बाबा पाळतायत. आता आधी कोणी बोलायचं, सांगा बघू?