मिस झेल्माची झाकलेली पातेली

पलटणी आल्या नि गेल्या, मिस झेल्मा टिलेट मात्र छावणीच्या भटारखान्यात जागची हलली नाही. बेलीझच्या विमानतळाजवळच्या त्या इंग्रजी छावणीत दर सहा महिन्यांनी नवी पलटण उतरायची आणि जुनी मायदेशी जायची. जाताना मेसच्या भिंतीवर आपलं लाकडी मानचिन्ह ठोकून जायची. बारा वर्षांत अशी तेवीस मानचिन्हं तिच्या डोळ्यांदेखत लागली. त्यांवरची नावं तिला विचारू नका. तिच्या खुणा वेगळ्या. तळलेलं केळं ताटात तसंच टाकून उठणारे, ते एक. तिखट रस्सा दोनदा मागून नाक पुसत बसणारे, ते वेल्सचे. आणि भात-उसळीवर तुटून पडणारे गुरखे; त्यांच्यावर तिचा फार जीव. ‘जेवायचं कसं ते त्यांनी शिकवावं या लोकांना,’ असं ती गोऱ्या पोरांच्या तोंडावर म्हणायची, आणि ती पोरंही हसून आणखी एक डाव वाढून घ्यायची.

इंग्रजांचं एक आहे. लढाई नसली की त्यांना खेळ लागतो. बुधवारी दुपारी सगळ्या छावणीला सक्तीचा खेळ. कधी फुटबॉल, कधी पोहण्याच्या शर्यती, कधी दोन पोरं एकमेकांची नाकं फोडायची आणि बाकीची टाळ्या वाजवायची. शनिवारी चादरीवर सिनेमा. आणि रविवारी, जानेवारीपासून पाऊस पडेपर्यंत, क्रिकेट. ते मात्र छावणीत नव्हे, तर नदीकाठच्या गावांत, आमच्याशी. क्रिकेट आम्हाला त्यांनी शिकवलं हे कबूल. पण आमचे आजे जंगलात लाकूड तोडताना फळीची बॅट करून खेळत होते, आणि बेलीझ नदीच्या काठावर असं एक गाव नाही की जिथे चर्चच्या आधी खेळपट्टी झाडली जात नाही. देवाने रागवायचं तर रागवावं.

मिस झेल्माचं गाव लॉगवुड बेंड. सोमवारी पहाटेच्या बसने ती छावणीत जायची आणि शुक्रवारी संध्याकाळी परत यायची. गावाच्या संघाचं नाव मॉर्निंग स्टार, आणि कर्णधार तिचा धाकटा भाऊ ऑरविन. धावा ऑरविनने काढायच्या, पण सामन्याचं जेवण झेल्माचं. आमच्याकडे रीत अशी की खेळायला आलेला संघ आधी जेवतो, मग गाव जेवतं. ही रीत कोणी घातली ते कोणाला ठाऊक नाही, पण ती मोडलेलीही कोणी पाहिली नव्हती.

ही गोष्ट आहे त्या वर्षीच्या मार्चमधली. नव्या पलटणीचे सात-आठ जवान जंगलातल्या सरावात ओढ्याचं पाणी प्यायले आणि चार दिवस शौचालयाकडे खेटे घालत राहिले. पलटणीचा डॉक्टर पेनरोज. वय तिशीचं, उन्हाने सोललेलं नाक, मनाचा वाईट नाही, पण नियमाला फार पक्का. त्याने फळ्यावर हुकूम लावला: छावणीबाहेर शिजलेलं अन्न कोणीही खाऊ नये. ओढ्याच्या पाण्याचं खापर असं आमच्या पातेल्यांवर फुटलं.

शुक्रवारी भटारखान्याचा मुख्य, सार्जंट डॅगेट, कांद्याच्या पोत्याकडे बघत म्हणाला, “मिस झेल्मा, रविवारसाठी चौदा डबे भरायचेत. सँडविच, उकडलेलं अंडं, एकेक केळं.”

“सहलीला निघालात वाटतं?”

“सहल नाही. सामना आहे.”

“कुणाशी?”

डॅगेट पलटणीच्या क्रिकेट संघाचा कर्णधारही होता. त्याने पोत्यातला एक कांदा उचलून परत ठेवला. “तुमच्या गावाशी.”

झेल्माने हातातली सुरी खाली ठेवली. “थांबा हं, सार्जंट. मला नीट समजू द्या. माझ्या हातची सँडविच घेऊन तुम्ही माझ्याच दारात येणार, आणि माझ्या हातचा भात खाणार नाही?”

“हुकूम आहे, मिस झेल्मा. मी काय करू?” मग त्याचा चेहरा जरा खुलला. “तुमच्याकडे डॉक्टरच्या सहीचं तब्येत तपासल्याचं कार्ड आहे ना? ते घेऊन या रविवारी. मी त्याला म्हणतो, शिजवणारी बाई आपलीच आहे, तपासलेली आहे. मग त्याला बोलायला जागा नाही.”

युक्ती चांगली होती. दुसरी कोणी असती तर तिने सार्जंटला दुवा दिला असता.

“ते कार्ड तुमच्या भटारखान्याचं,” झेल्मा म्हणाली. “इथे तुम्ही मला पगार देता, तुम्ही माझी नखं बघा, दात बघा, माझी ना नाही. पण माझ्या अंगणात मी पाहुण्याला जेवू घालते. पाहुण्याला जेवू घालायला मी कागद दाखवू? माझ्या आईने तुमच्या लोकांना चाळीस वर्षं जेवू घातलं. तिने कुठला कागद दाखवला होता?”

“पण मग—”

“मग काही नाही. डबे किती म्हणालात? चौदा?”

आणि तिने चौदा डबे भरले. खोटं कशाला सांगू, मीठ जास्त टाकावं असं एकदा तिच्या मनात आलं होतं. पण हात ऐकेना. लोणी पावाच्या कडेपर्यंत लावलं गेलं, अंडी बेताची उकडली गेली. रागावर स्वयंपाक बिघडवणारी बाई ती नव्हे.

घरी ऑरविनला कळलं तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. “अगं, दाखव की ते कार्ड! तुझं काय झिजतं? जेवणावरून वाजलं तर ते पुन्हा यायचे नाहीत. या नदीवर आमच्याशी बरोबरीने खेळणारं दुसरं आहे कोण?”

“येऊ देत, नाहीतर न येऊ देत.”

“आणि ते जेवणारच नाहीत तर एवढं कुणासाठी शिजवतेस?”

“पाहुणे यायचेत म्हणून,” झेल्मा म्हणाली आणि नारळ खवायला बसली.

रविवारी पहाटे तिने तिन्ही चुली पेटवल्या. नारळाच्या दुधातला राजम्याचा भात, रेकाडो मसाल्याने लालभडक झालेली कोंबडी, तळलेली केळी, आणि लोखंडी तव्यावर दोन्ही बाजूंनी निखारे देऊन भाजलेला पाव. मैदानाकडच्या चिंचेखाली लांब मेज मांडलं. पातेली त्यावर ठेवली आणि झाकली.

लष्कराचा ट्रक साडेनऊला आला. पोरं उड्या मारून उतरली, आणि मागून पुठ्ठ्याचे चौदा डबे उतरले. सगळ्या गावाने ते पाहिले. आमचे पंच, म्हातारे मिस्टर बॅनर, यांनी तंबाखू जरा जोरातच थुंकली.

सकाळी मॉर्निंग स्टारने १३१ धावा केल्या. त्यातल्या ५८ ऑरविनच्या, हे तो तुम्हाला स्वतःच सांगेल. मग जेवणाची सुट्टी झाली. लष्करी पोरं ट्रकच्या सावलीत डबे घेऊन बसली. समोर चिंचेखाली आमचे अकरा जण रिकामी ताटं पुढ्यात घेऊन बसले. पातेल्यांशी झेल्मा हाताची घडी घालून उभी.

“वाढ की,” ऑरविन दात आवळून म्हणाला.

“पाहुणे जेवले नाहीत.”

“ते बघ, जेवताहेत!”

“माझ्याकडचं जेवले नाहीत.”

ऑरविनने सोबत्यांकडे पाहिलं. उपाशी पोटी गोलंदाजी करायची म्हणजे काय, हे सगळ्यांना कळत होतं. पण ताट पुढे करायला कोणाचा हात उठेना. रीत झेल्माची एकटीची नव्हती.

डॅगेटने सँडविच तोंडाशी नेलं आणि त्याची नजर त्या अकरा रिकाम्या ताटांवर पडली. तो उठून अर्ध्या वाटेपर्यंत आला. “तुम्ही लोक का खात नाही?”

“तुम्ही जेवल्याशिवाय आम्हाला जेवता येत नाही,” ऑरविन म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता, पण मान ताठ होती.

डॅगेट परत गेला, डब्याचं झाकण लावलं आणि डबा ट्रकमध्ये ठेवला. त्याच्या शेजारच्यानेही ठेवला. एकेक करून तेरा झाकणं लागली. डॉक्टर पेनरोजने एक घास घेतला होता, तो त्याने कसाबसा गिळला आणि चौदावं झाकण लावलं. सुट्टी संपली. बावीस उपाशी माणसं मार्चच्या उन्हात पुन्हा सामन्याला लागली, आणि मिस्टर बॅनर म्हणाले, “साठ वर्षं पंचगिरी केली, पण असा गाढवपणा पाहिला नव्हता. दोन्हीकडचा.”

डॉक्टर सलामीचा फलंदाज. दुसऱ्याच चेंडूवर त्याची यष्टी उडाली. आता त्याला बसायला दोनच जागा: तापलेला ट्रक, नाहीतर चिंच. तो चिंचेखाली आला. तिथे झेल्मा, झाकलेली पातेली, आणि वाऱ्यावर येणारा नारळाच्या दुधाचा वास. झेल्माने त्याला खुर्ची दिली, प्यायला लिंबाचं पाणी पुढे केलं. त्याने पाण्याकडे पाहिलं.

“उकळलेलं आहे,” ती म्हणाली. “मी उकळते. ओढ्यावर जात नाही.”

डॉक्टरचे कान लाल झाले. पाणी प्यायलं गेलं. मैदानात आमच्या पोरांच्या हातून दोन सोपे झेल सुटले. भुकेल्या माणसाला चेंडूही पावासारखा दिसतो. तासाभराने डॉक्टर उठला, मेजावरचा एक चमचा घेतला आणि म्हणाला, “मिस झेल्मा, असं करू. मी प्रत्येक पातेल्यातलं थोडं चाखून बघतो. ठीक वाटलं तर मी परवानगी देतो. मग सगळेच जेवतील.”

तिने त्याच्या हातातला चमचा काढून घेतला. हळूच, लहान मुलाच्या हातातून घ्यावा तसा.

“तपासायला आला असाल तर सोमवारी भटारखान्यात या, डॉक्टर. तिथे मी तुमची नोकर आहे. तुम्ही चाखा, हुंगा, ओतून द्या. इथे मी कोणाची नोकर नाही. इथे माणूस चाखायला येत नाही, जेवायला येतो.”

तो उभाच राहिला. मैदानातले डॅगेटसकट सगळे खेळायचं सोडून इकडे बघत होते. याने पाठ फिरवली तर नदीवरचं क्रिकेट संपलं आणि छावणीतली नोकरीही संपली, हे झेल्माला पक्कं ठाऊक होतं. तरी तिचा हात झाकणावरून हलला नाही.

डॉक्टरने डोक्यावरची टोपी काढली. तिच्याकडे बघून, अगदी साध्या आवाजात तो म्हणाला, “मिस झेल्मा, मला भूक लागलीय.”

“मग बसा ना,” ती म्हणाली. “एवढंच म्हणायचं होतं, त्याला सकाळपासून एवढा वेळ का लागला?”

आणि तिने झाकण काढलं.

लष्कर ४ बाद ६१ वर होतं, ते तिथेच राहिलं. आधी पाहुणे बसले, मग आमचे, आणि कोंबडीचा रस्सा तळाला लागेपर्यंत कोणी उठलं नाही. उठल्यावरही धावता येईल असं पोट कोणाचं उरलं नव्हतं. ऑरविन आजही छाती ठोकून सांगतो की तो सामना मॉर्निंग स्टारच जिंकत होता. डॉक्टर तीनदा भात घेऊन जेवला. ट्रक निघताना त्याने विचारलं, की या भातात घालता तरी काय. झेल्मा म्हणाली, “तुमच्या हुकुमात नाही ते.” घरी येऊन मात्र ती चुलीशी बसून एकटीच रडली, आणि ते अभिमानाने, हे तिने पुढे कित्येक वर्षांनी सांगितलं.

फळ्यावरचा हुकूम सोमवारी होता तिथेच होता. तिने त्याकडे पाहिलं नाही आणि डॉक्टरनेही तो विषय काढला नाही. सहा महिन्यांनी त्यांची पलटण गेली, भिंतीवर चोविसावं मानचिन्ह लागलं. नवी पलटण आली, तिचा नवा डॉक्टर आला. झेल्माला धाकधूक होतीच; नव्या माणसाला नव्याने कोण सांगणार?

जानेवारीतला पहिला रविवार. ट्रक आला, पोरं उतरली. झेल्मा डबे उतरायची वाट बघत उभी राहिली, पण डबे काही उतरले नाहीत. एक उंच, टकला, चष्मेवाला माणूस मात्र उतरला. तो मैदान ओलांडून सरळ चिंचेखाली आला, टोपी काढली आणि खिशातल्या चिठ्ठीत एकदा बघून घेतलं.

“मिस झेल्मा टिलेट आपणच ना? मी नवा डॉक्टर. पेनरोजने जाताना मला बजावलंय, की पहिल्या सामन्याला आलो की आधी मी तुम्हाला येऊन भेटायचं आणि एक वाक्य म्हणायचं.” त्याने घसा साफ केला. “मला भूक लागलीय.”

सकाळचे जेमतेम साडेनऊ वाजले होते, भात अजून शिजायचा होता. झेल्माने एप्रनला हात पुसले, त्याला खुर्ची दिली, आणि तव्यावरचा पहिला गरम पाव मोडून त्याच्या हातात ठेवला.