नेहलभाभीचं सामायिक

आमच्या शेठजींची धाकटी सून नेहल दिवसातून तीन वेळा सामायिकाला बसायची, आणि तिन्ही वेळा तिच्या मांडीवर असायचं ते पुस्तक धर्माचं नव्हतं. तिच्या नवऱ्याशिवाय हे घरात फक्त मला ठाऊक होतं, आणि मी कोणाला सांगितलं नाही. चांगुलपणा म्हणून नाही. मला मजा वाटत होती.

जालन्यात त्यांचं बियाण्यांचं दुकान. मी त्यांच्या स्वयंपाकघरात एकोणीस वर्षं काढली. जैनांचं सामायिक ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. आसनावर बसायचं, तोंडाला मुँहपत्ती, म्हणजे पांढऱ्या कापडाची पट्टी, बांधायची आणि अठ्ठेचाळीस मिनिटं संसाराचं काही बोलायचं नाही. तेवढ्या वेळात दुसऱ्यांनीही हाक मारायची नाही. मूल रडलं तरी दुसऱ्यानं घ्यायचं. सून असलेल्या बाईला अख्ख्या दिवसात अशी अठ्ठेचाळीस मिनिटं दुसरी कुठली मिळतात?

चातुर्मास लागला आणि ही एकदम धार्मिक झाली. शेठाणीबाई शेजारणींना सांगत सुटल्या, "आमची बहू तीन-तीन सामायिकं करते. तुमची?" एक दिवस मी त्या खोलीत धुतलेले कपडे ठेवायला गेले. नेहलचे डोळे पुस्तकात, ओठ पट्टीमागं हलत होते. मी वाकून पाहिलं. पुस्तक इंग्रजी. मी चौथी शिकलेली, पण आकडे कुठल्याही भाषेतले कळतात. पानभर रकाने आणि बेरजा.

मी म्हणाले, "तुमच्या देवानं कंपनी काढल्ती का गं?"

तिला बोलता येईना, हसता येईना. खांदे हलले आणि पाणी आलं डोळ्यांतून. बोटानं दाराकडं दाखवलं, बंद कर म्हणून.

वेळ संपल्यावर स्वयंपाकघरात आली. "मावशी, मी नेम घेतच नाही. सामायिकाचा पाठ म्हणून बसलं तर नेम. मी नुसती बसते. मग मोडलं काय?"

"नेम न्हाई मोडला. पण लबाडी झाली."

"बिलकुल झाली," ती म्हणाली आणि गरम फुलका उचलून पळाली.

चारचौघांत मी तिला भाभी म्हणायचे, दोघीच असलो की तू. लग्नाआधी तिची सीएची परीक्षा अर्धी झाली होती. पुढं पोरीला शिकवू, असा शब्द देऊन सोयरीक झाली. मग मुलगी झाली, नेहल दोनदा नापास झाली, आणि शेठाणीबाई म्हणाल्या, "दुकानात दोन मुनीम आहेत. घरात तिसरा कशाला?" तिला दोन्ही वेळा पाडलं होतं ते एकाच पेपरनं. फायनान्शियल रिपोर्टिंग. मोठमोठ्या कंपन्यांनी आपला हिशोब जगाला कसा दाखवायचा, त्याचा. या खेपेचा फॉर्म नवऱ्यानं गुपचूप भरून दिला, पण आईला सांगायची त्याची छाती नव्हती. परीक्षा औरंगाबादला. तिचं माहेर तिथंच, म्हणून माहेरी जाते सांगून निघायचं ठरलं होतं. या वेळीही नापास झाली तर पुस्तकं माळ्यावर टाकायची आणि पुन्हा नाव काढायचं नाही, हे तिनं स्वतःच ठरवलेलं.

तिची एक खोड होती. वाचलेलं कोणाला तरी सांगितल्याशिवाय तिच्या डोक्यात बसायचं नाही. घरात सांगणार कोणाला? मला सांगायची. मी भाजी निवडत असायचे आणि ही समोर पाटावर बसून कंपन्यांचं पुराण लावायची. "मावशी, नावावर जाऊ नका. आहे काय ते बघा," हे तिचं पालुपद. एखादी कंपनी कागदावर म्हणते मशीन भाड्यानं घेतलं, पण मशीन मरेपर्यंत तिच्याकडंच राहणार असेल, तर ते भाडं कसलं, ती उधारीवर केलेली खरेदीच. असं काहीबाही. मग हा नियम ती माझ्या स्वयंपाकावरही चालवायची. पाहुण्यांपुढं मी शाही डाळ म्हणून वाढली की कानाशी येऊन म्हणायची, "नाव शाही. आहे सकाळची डाळ, वरून फोडणी."

एकदा तीन दिवस एकाच जागी अडकली. एक मोठी कंपनी, तिच्या पोटात लहान कंपन्या. त्यांनी एकमेकींना माल विकला तर नफा धरायचा नाही. का धरायचा नाही ते तिला पाठ होतं, पण गणितात दर वेळी चुकायचं. मी म्हणाले, "माझ्या थोरल्यानं धाकट्याला शेळी विकली. थोरला म्हणतो हजार कमावले. दावं तेच, अंगण तेच, शेळी तीच. घरात काय आलं? लेंड्या. ती शेळी मंठ्याच्या बाजारात परक्याला विकली, की मंग म्हणायचं कमावले."

तिनं पेन्सिल काढून पुस्तकाच्या कडेला शेळी काढली. चित्र वाईट होतं. मांजर वाटत होतं. पण त्यानंतर ते गणित चुकलं नाही.

पर्युषणाच्या, म्हणजे जैनांच्या उपासतापासाच्या आठ दिवसांत घोळ झाला. ज्यांनी चातुर्मासात जास्त सामायिकं केली त्या बायकांचा स्थानकात, म्हणजे जैनांच्या प्रार्थनेच्या जागी, सत्कार करायचं महिला मंडळानं ठरवलं. शेठाणीबाईंनी सुनेचं नाव देऊनही टाकलं. एकशे चाळीस. त्यांनी रोजची मोजून कॅलेंडरवर खुणा केल्या होत्या. परीक्षेला बारा दिवस उरले होते.

नेहल धावत स्वयंपाकघरात आली. मला म्हणाली, "मावशी, हे मी घेऊ शकत नाही."

"गप बस," मी म्हणाले. "शाल घे, घरी ये, परीक्षा दे. मंग सांग काय सांगायचं ते. आता तोंड उघडलंस तर पेपर गेला."

"आजपर्यंत मी फक्त गप्प होते. उद्या माझ्या नावानं खोटा आकडा वाचतील सगळ्यांपुढं. आमच्या हिशोबात मागची चूक सापडली ना, तर मागचाच आकडा दुरुस्त करावा लागतो, तोही सगळ्यांना सांगून. पुढं बघू म्हणून ढकलता येत नाही."

"मंग जा मर," मी म्हणाले. खरंच म्हणाले. मला राग आला होता.

तो दिवस संवत्सरीचा, पर्युषणाचा शेवटचा. त्या दिवशी जैन लोक वर्षभराच्या चुकांची एकमेकांना माफी मागतात, आणि समोरच्यानं ती द्यायची असते. शेठाणीबाई माझ्यापुढंही हात जोडतात त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी पुन्हा मिठावरून बोलतात, ते वेगळं. संध्याकाळी प्रतिक्रमण, म्हणजे चुका आठवायचा पाठ, करून सगळे घरी आले. नेहल सासूच्या पाया पडली, माफी मागितली आणि कशाची मागते तेही सगळं सांगून टाकलं. पुस्तक, फॉर्म, औरंगाबाद, सगळं. नवऱ्याचं नाव तेवढं घेतलं नाही. तो पंख्याकडं बघत होता.

शेठाणीबाईंचा उपास होता, त्यामुळं आवाज बारीक निघाला. "आज माफ करावंच लागतं, म्हणून आज सांगितलंस?"

"हो मम्मी."

"खरी किती?"

"एकोणीस. रविवारची, तेव्हा पुस्तक उघडत नव्हते, आणि ताप आला होता तेव्हाची."

"माफ केलं," शेठाणीबाई म्हणाल्या. उठल्या, तिच्या खोलीतली पुस्तकं आणली, आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. "माफी दिली. पुस्तकं देणार न्हाई."

मी नेहलकडं बघितलं, सांगितलं होतं ना, अशा नजरेनं. ती रडली नाही. भांडी आवरायला लागली, आणि मला मदत नको असताना मदत करणारी बाई फार त्रास देते.

दुसऱ्या दिवशी स्थानकात नावं वाचायची होती. मी नेहलच्या मुलीला कडेवर घेऊन मागं उभी होते. नेहलचं नाव आलं तशा शेठाणीबाई उभ्या राहिल्या. "एकशे चाळीस न्हाई. एकोणीस लिहा." बायका वळून बघायला लागल्या. एक म्हणाली, "बाकीची काय झाली?" शेठाणीबाई म्हणाल्या, "चूक झाली मोजायला." वाचणारीनं पुढचं नाव घेतलं, ते शेठाणीबाईंचंच. दोनशे दहा. त्या अजून उभ्याच होत्या. मग म्हणाल्या, "माझी पण अर्धी लिहा. दुपारची सगळी झोपेत गेली."

कोणी हसलं नाही. पण तिसऱ्या नंबरच्या बाई उठल्या आणि म्हणाल्या त्यांच्या सामायिकात मोबाईल आला होता, ती वीस कमी करा. चौथीनं तीस कमी केली. कागदावर इतकी खाडाखोड झाली की मंडळाच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या, आता सगळ्यांना सारखीच शाल द्या आणि आटपा.

घरी आल्यावर शेठाणीबाईंनी कपाट उघडलं. पुस्तकं नेहलच्या हातात दिली. "बहू आपला आकडा सांगते आणि मी माझा दाबून ठेवू? तू मला चार बायकांत झोपाळू केलंस. आता पास हो, न्हाई तर माझी अब्रू फुकट गेली. आणि वरच्या खोलीत बस. माझ्या आसनावर न्हाई."

पुढचे अकरा दिवस जिन्याच्या पायरीवर त्या स्वतः बसून राहिल्या. खुद्द शेठजींना वर जाऊ दिलं नाही, त्यांचा चष्मा वर राहिला होता तरी. बाई काही बदलली नव्हती. फक्त तिचा हट्ट या बाजूला आला होता.

नेहल पास झाली, पण काही डंका वाजवण्यासारखी नाही. त्या पेपरात लागतात त्याच्यापेक्षा दोन मार्क जास्त. पुण्याला एका फर्ममध्ये नोकरी लागली, नवरा आणि पोरगी बरोबर गेले. निघताना स्वयंपाकघरात आली, पाया पडायला वाकली. मी म्हणाले राहू दे, कणीक भरलीय हाताला.

मी विचारलं, "तिथं काम काय करशील?"

"कंपन्यांनी जे लिहिलंय ते खरं आहे का, ते बघायचं."

"आणि लबाडी केली असली तर तुला कळंल?"

"मावशी," ती म्हणाली, "मला नाही कळणार तर कोणाला कळेल?"