शपथेला सोयीचा माणूस

आमचा सोडावॉटरचा कारखाना विकला गेला, तेव्हा आम्हा दोघा भावांची अब्रूही त्यासोबत फुकटात गेली. कारखाना आपला म्हणायचा. बाजारपेठेच्या टोकाला एक गाळा, गॅस भरायचे एक कुरकुरणारे यंत्र आणि गोळीच्या बाटल्या. बोट लागली की रत्नागिरी बंदरावरच्या उतारूंना तहान लागे, तेवढाच आमचा धंदा. एकोणीसशे तीसच्या आसपासची ही गोष्ट.

गिऱ्हाईक आणले एका दलालाने. हा गृहस्थ हंगामात आंब्याची दलाली करी आणि हंगाम सरला की घरे, होड्या, म्हशी, उपवर मुली, जे हाती लागेल त्याची. कानाला विडी, काखेत छत्री. विकणारा आणि घेणारा थेट एकमेकांशी बोलू लागले की त्याला घाम फुटे. त्याने चिपळूणचा एक व्यापारी आणला. व्यापाऱ्याने मला विचारले, "यंत्र चालतं ना नीट?" मी तोंड उघडायच्या आत दलाल म्हणाला, "चालतं? धावतं म्हना!" यंत्र तेव्हा तीन दिवस बंद होते.

दलाली शेकडा पाच ठरली. दादाने माझ्यासमोर, गाळ्यात बसून, स्वतःच्या तोंडाने ती कबूल केली. पण सौदा पुरा होऊन रक्कम हाती पडताच त्याने कानांवर हात ठेवले. दलाल मागायला आला तेव्हा म्हणतो, "तू केलंस काय? वाट दाखवलीस. वाट टांगेवालापण दाखवतो."

"मंग टांगेवाल्याकडनंच इकायचा व्हता," दलाल म्हणाला आणि तडक कोर्टात गेला.

कोर्टात दादाने 'ईश्वरसाक्ष खरे सांगेन' म्हटले आणि लगेच खोटे सांगायला सुरुवात केली. व्यापारी आपण होऊन आला, दलाल नुसता गाळ्यात येऊन आमचे पान खात बसे, वगैरे. कोर्टातला ईश्वर दादाच्या लेखी सरकारी नोकर होता, त्याचे कसले भय? माझी साक्ष व्हायची होती. मीही तेच सांगणार होतो. कारखान्यात निम्मा वाटा माझा होता, आणि दलालाची मला किळस यायची. खोटे बोलायला मला तेवढे कारण पुरले.

मग दलालाच्या वकिलाने डाव टाकला. दोघा भावांपैकी कोणीही एकाने ग्रामदेवीच्या पाषाणावर हात ठेवून 'दलाली ठरली नव्हती' असे सांगावे, मग आपला अशील दावा सोडील, असे तो म्हणाला. कायद्यात तशी सोय होती. शपथेचे शब्दही त्याने लिहूनच आणले होते. शेवटी होते, 'खोटे बोलेन तर माझा निर्वंश होवो.'

दादाच्या तोंडचे पाणी पळाले. आमचा वकील हळूच म्हणाला, "नाही म्हटलंत तर साहेबांना काय समजायचं ते समजेल." सल्ला एवढाच, फी मात्र पुरी. दादाने होकाराची मान डोलावली.

घरी आल्यावर तो मला म्हणाला, "तू कुठे देव मानतोस? तूच घे शपथ."

खरेच होते ते. मी त्या काळात सुधारक होतो. देव म्हणजे दगड, हे मी कोणी विचारले नसतानाही चारचौघांत सांगत सुटे. तेव्हा मी लगेच हो म्हणून टाकले. एवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी बोलली.

"भावोजींनीच घ्यावी. आमच्या पदरात चार पोरं आहेत. भावोजींच्या मागे बुडायला आहे कोण?"

माझी बायको आत विळीवर नारळ खवत होती. खवण्याचा आवाज थांबला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला. आमच्या लग्नाला नऊ वर्षे झाली होती. दादाने वहिनीला दटावले नाही. मान खाली घालून तो म्हणाला, "शब्द वाईट आहे, पण चुकीचं काय बोलली ती?"

ठरल्या दिवशी कोर्टाचा कारकून कागद घेऊन देवळात हजर झाला. गर्दी तर जत्रेला लाजवील अशी. गुरवाने पाषाणावर पाणी घातले. दादा मागे खांबाला टेकून उभा होता, देवीच्या नजरेला पडणार नाही अशा बेताने. बायकांत वहिनी होती, तिच्या मागे माझी बायको. कारकून म्हणाला, "हात ठेवा आणि बोला."

मी हात ठेवला आणि म्हणालो, "गिऱ्हाईक यानेच आणलं. शेकडा पाच दादाने माझ्यासमोर कबूल केले."

दादा दावा हरला आणि त्याच आठवड्यात आमच्या चुली वेगळ्या झाल्या. गावाने मात्र मला डोक्यावर घेतले. सुधारक असून देवीला भ्याला, म्हणाले. दलाल नारळ घेऊन पाया पडायला आला, त्याला मी ओटीवरूनच हाकलला. तो गेला, पण नारळ ठेवून गेला. मी भेटेल त्याला सांगत राहिलो, देवीबिवी काही नाही, वहिनीच्या शब्दाचा सूड घेतला. दादाने मला किती स्वस्त लेखले, ते त्याला दाखवायचे होते.

बायकोलाही मी तेच सांगितले. ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "मग हात का थरथरत होता?"

हात ठेवला तेव्हा दादा, वहिनी, दलाल, कोणीच माझ्या मनात नव्हते. 'निर्वंश' हा शब्द माझ्या तोंडून निघेना. नऊ वर्षांनंतरही मला मूल हवे होते, आणि त्या दगडासमोर मी भ्यालो होतो. तिने माझ्याकडे एकदा पाहिले. ताट बाजूला सारले आणि माझा तो हात आपल्या हातात घेतला.