कोरम

"फोटो झाला. ऊठ गं आता, अण्णांना बसू दे."

मी उठले. चुकून बसल्यासारखी झटकन उठले. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये पुढच्या रांगेत मधोमध ती लाल प्लास्टिकची खुर्ची होती. पाच मिनिटांपूर्वी समितीच्या अध्यक्षांनीच बोटानं दाखवून मला तिच्यावर बसवलं होतं. "बाई मधी दिसली पायजे. पदर नीट घे." मी पदर नीट घेतला. कुणीतरी मोबाईलवर दोन फोटो काढले. मग अण्णा, म्हणजे आमचे उपसरपंच, पुढं आले. खिशातला रुमाल काढला, मी बसले होते ती खुर्ची पुसली आणि बसले. खुर्ची स्वच्छ होती. सकाळी मीच धुतली होती. बैठक असली की खुर्च्या मी धुवायच्या, असं कुणी लिहून दिलं नव्हतं. तरी मीच धुवायचे.

तो फोटो शांततेचा होता. आमच्या गावात तंटे मिटवायची समिती आहे. भांडण पोलिसात जायच्या आधी गावातल्या गावात मिटवायचं, हे तिचं काम. त्या दिवशी एक तंटा मिटला होता, आणि मिटल्याचा पुरावा म्हणून फायलीला फोटो पाहिजे होता. जिचा तंटा मिटला ती बुधी, डोंगरातल्या वाडीची ठाकरीण, फोटोत खाली फरशीवर बसली होती. उजवा हात फडक्यानं गळ्यात बांधलेला. मांडीवर समितीनं दिलेली साडी आणि नारळ. तिच्या मागं उभा होता अण्णांचा पुतण्या. त्यानंच तिचा हात मोडला होता.

कशेळ्याहून आत आमचं गाव, आणि गावाच्या वर वाडी. वाडीतून रस्त्याला यायची पायवाट एका माळावरून जाते. तो माळ मुंबईच्या कुणी फार्महाऊससाठी घेतला. व्यवहार पुतण्यानं जमवला, कंपाऊंड पण त्यानंच घातलं. बुधी लाकडाची मोळी घेऊन रोजच्या वाटेनं आली. त्यानं दांडका घातला. एवढाच तंटा. याला तंटा म्हणतात हे सुद्धा मला समितीतच कळलं. एकानं मारायचं, एकीनं मार खायचा, आणि वहीत लिहायचं, दोन पक्षांतील वाद.

मी समितीत कशी आले ते सांगते. समितीत एक बाई पाहिजे होती आणि एक आमच्या बौद्धवाड्यातलं माणूस पाहिजे होतं. माझ्या एकटीत दोन रकाने भरले. नियम असा की सात जण असल्याशिवाय बैठक धरता येत नाही, आणि सातात एक तरी बाई लागते. बाकीच्या दोघी बाया कंटाळून यायच्या बंद झाल्या. मी जायचे. दारात दिसले की अध्यक्ष म्हणायचे, "आला आमचा कोरम." सगळे हसायचे. मी पण हसायचे. मला वाटायचं कोरम हे पद आहे. अध्यक्ष, सचिव, कोरम. माहेरी फोन करून सांगितलं होतं, मला समितीत कोरम केलंय म्हणून. आईनं शेजारणींना बोलवून बोलवून सांगितलं. फक्त पेढे वाटायचे राहिले होते.

तर बुधी. ती पोलिसात जाणार म्हणून बसली होती. अण्णा मला म्हणाले, "बाईला बाईनं समजवायचं. त्येवड्यासाठी तुला घेतलीया." मी तिला बाहेर ओट्यावर नेलं. म्हणलं, "बुधे, कर्जतला किती खेपा मारशील? मजुरी बुडंल. मिटव ना." ती माझ्याकडं बघत राहिली. आत कागद लिहून तयार होता. मोळी घेऊन येताना पाय घसरून पडले, माझी कोणाबद्दल तक्रार नाही. तिला लिहिता येत नाही. बाईचा उजवाच अंगठा लागतो म्हणाले, आणि तोच हात सुजून टम्म. मग मी तिचा अंगठा धरला, शाईच्या पॅडवर टेकवला आणि कागदावर दाबला. ती बारीक आवाजात "आय गं" म्हणाली. मी अजून जरा दाबला, ठसा उठला नव्हता म्हणून. वहीत भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकांनी लिहिलं, सर्वानुमते तंटा मिटला. खाली मी पूर्ण नावानं सही केली. माझी सही चांगली येते.

मी तिला मारलं नाही. पण अंगठा मी दाबला.

फोटोनंतर पायऱ्या उतरताना बुधीनं मला विचारलं, "बाय, तुला खुर्चीव बसवलं ना त्यांनी. मंग उठवलं का?" टोमणा नव्हता. तिला खरंच कळलं नव्हतं. मी म्हणलं, "जा आता, चढ हाय, सावकाश जा."

संध्याकाळी चुलीपुढं बसून पोरीला सांगितलं. पोरगी कर्जतला कॉलेजात जाते. मी जरा तोऱ्यातच म्हणलं, "आज कोरमनं तंटा मिटवला." ती म्हणाली, "आई, कोरम म्हंजे काय म्हाईत हाय का तुला?" मी म्हणलं, "पद हाय." ती हसायला लागली. पोट धरून हसली. मग म्हणाली, "अगं, कोरम म्हंजे मुंडकी. बैठकीला कमीत कमी किती मुंडकी लागतात तो आकडा. तुला आकडा म्हनतात ते." माझं तोंड बघितलं आणि गप्प झाली. मी भाकरी थापत होते, थापतच राहिले. ती इतकी पातळ झाली की तव्यावर टाकताना फाटली.

पहिला राग पोरीचा आला, खरं सांगते. मग माझा आला. तीन वर्षं मुंडक्यासारखी हसत बसले म्हणून. त्यांचा सगळ्यात शेवटी आला. तो अजून गेलेला नाही.

उन्हाळ्यात बुधी कशेळ्याच्या बाजारात दिसली. करवंदं विकायला बसली होती. डाव्या हातानं मापून देत होती, उजवा मांडीखाली दडवलेला. हाड वाकडं जुळलं होतं. कोयता धरता येत नव्हता, मोळी बांधता येत नव्हती, आता मोळीला सून जाते म्हणाली. मी करवंदं घेतली. एकही तोंडात घातलं नाही.

पाऊस सुरू झाला आणि पुतण्यानं बुधीच्या सुनेला धरलं. तीच वाट, तोच माळ. मोळी खाली पाडली आणि तिला केसाला धरून फाटकापर्यंत ओढत नेलं. पुन्हा बैठक. पुन्हा कागद लिहून तयार. मी वाचला. पाय घसरून पडले.

मी म्हणलं, "एकाच घरच्या बाया एकाच जागी कितींदा घसरनार?"

मी भाऊसाहेबांकडं वळले.

"भाऊसाहेब, लिवा. मला हे मान्य नाय. माझा विरोध हाय."

भाऊसाहेबांनी पेनाचं टोपण लावलं. अध्यक्ष म्हणाले, "कोरमला तोंड फुटलं रं." सगळे खदखदले. अण्णा हसले नाहीत. शांतपणे म्हणाले, "तुज्या नवऱ्याला साजगावच्या कंपनीत कोनी चिकटवला? इसरलीस? सांगू का तिथं, उद्यापासून गेटाच्या भाईर उबा करा म्हनून? तुमच्या लोकांना जवळ बसवलं की हे असं व्हतं." सून कोपऱ्यात उभी होती. वीस वर्षांची असेल नसेल. ती माझ्याकडं बघत होती.

मी उठले आणि चालायला लागले. मागून कुणीतरी म्हणालं, "कोरम चालला." घरी येईपर्यंत मला हलकं वाटायला लागलं होतं. मी पोरीला म्हणलं, "कोरम मोडला. आता बैठकच नाय." आम्ही मायलेकी हसलो. मला वाटलं, मी सुनेला वाचवलं.

दुसऱ्या दिवशी पंचायतीत गेले आणि म्हणलं, "वही दाखवा." भाऊसाहेब टाळत होते. मी सदस्य आहे, दाखवावीच लागली. उभ्यानं वाचली. कोरमअभावी बैठक तहकूब. अर्ध्या तासानं तीच बैठक पुन्हा घेतली. तहकूब बैठकीला कोरम लागत नाही. सर्वानुमते तंटा मिटला. खाली सुनेचा अंगठा, फरफटलेला.

मी उठून गेले तेव्हा त्या खोलीत सहा पुरुष राहिले आणि ती पोर. तिचा अंगठा कुणी धरला, ते मी विचारलं नाही. अंगठा कसा धरतात ते मला माहीत आहे.

बुधीला आणि सुनेला घेऊन मी जीपनं कर्जतला गेले. वाटेत बुधी एक शब्द बोलली नाही, आणि ते बरोबरच होतं. ठाण्यात हवालदार म्हणाले, "ह्यांच्या मिटल्याचे कागद हायेत की." मी म्हणलं, "दोनी कागद खोटे हायेत. पयल्यावर सही माजी हाय. हिचा अंगठा मी दाबलाय. तसं लिवून घ्या." ते म्हणाले, "बाई, तुमीबी अडकाल यात." मी म्हणलं, "अडकवा." त्यांनी लिहून घेतलं. शिक्का मारलेली प्रत माझ्याकडं आहे. तिच्यावर माझी तीच चांगली सही आहे.

नवऱ्याचं काम शनिवारी गेलं. तो माझ्याशी बोलत नाही. ताट वाढलं तर जेवतो आणि उठतो. त्याला दोष देत नाही, पण माफी पण मागितलेली नाही आणि मागणार नाही. बुधीनं मला माफ केलेलं नाही. करू नये. हात तिचा वाकडा आहे.

सोमवारी बैठक आहे, तक्रार मागं घ्यायचा कागद लिहून तयार असणार. खुर्च्या मी धुतलेल्या नाहीत. मी सगळ्यांच्या आधी जाणार आणि मधल्या खुर्चीवर बसणार. बुधीला एका बाजूला बसवणार, सुनेला दुसऱ्या. त्यांच्या अंगठ्याला कुणी हात लावला तर तो हात मी धरणार. हसू देत, शिव्या देऊ देत, रुमाल काढून उभे राहू देत. मागच्या वेळी उठून गेले ती माझी दुसरी चूक होती, पहिलीइतकीच मोठी. मला काढायचं असेल तर ग्रामसभेत, सगळ्या गावासमोर, कारण लिहून काढावं लागेल. तोवर मी उठणार नाही. आणि मी बसलेली आहे तोवर त्या वहीत सर्वानुमते हा शब्द लिहिता येणार नाही.