देवजीचा राब

"दामूदादानं हात वर केला की सोळाच्या सोळा भुतं खलास! मग मी ढाल घेऊन काय शोभेला उभी राहू?"

"अगो, पण तुझा जीव वाचला ना?"

"मला वाचायचं नाय, लढायचंय!"

हे भांडण दोन वर्षांपूर्वी मी माझ्या पडवीतून ऐकलं. ओरडत होती उपकेंद्रातली नर्स प्रियांका. तिला समजावत होता दामू, धसई-मुरबाड टमटम चालवणारा. आणि मधे गिरणीवाला देवजी, मिशीतलं पीठ झटकत, कुणाची बाजू घ्यावी ते न कळून बसलेला.

देवजीची गिरण माझ्या पडवीला लागून. शुक्रवारी लाईट नसते, दळण बंद. मग हे तिघं आत खेळ मांडतात. पुतण्या सुनिल पुण्याला नोकरीला जाताना फासे आणि खेळाचं पुस्तक काकाकडे सांभाळायला ठेवून गेला. काकानं सांभाळलं कसलं, खेळायलाच घेतलं. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं कुणीतरी व्हायचं, मार किती बसला ते फाशांनी ठरवायचं. देवजी गोष्ट सांगतो. दामू मांत्रिक, प्रियांका ढालवाली. पत्र्यावर पीठ पसरून देवजी बोटानं चौकोन आखतो, वरच्या कोपऱ्यात सिद्धगड काढतो. चिंचोके म्हणजे भुतं.

माणूस एरवी इतका मऊ, की धान्यातले सोंडेसुद्धा मारत नाही, उन्हात नेऊन सोडतो. पण पुस्तकातले मंत्र त्याला परके वाटले म्हणून यानं घरचा मंत्र केला, राब, भात पेरण्याआधी वाफा भाजतात तो! चार बाय चारच्या वाफ्यात जे असेल त्यावर आठ फाशांचा मार. भुताचे जीव वीस. आठ फासे टाकले की अठ्ठावीसच्या आसपास पडतात, हे त्यानं चाळीस वेळा टाकून वहीत लिहिलेलं. तरी कुठं चुकलं ते त्याला कळेना.

"मला काम नसेल तर मामा, मी येत नाय," प्रियांका म्हणाली आणि गेली.

तिघांचाच खेळ. एक उठला की मोडला. देवजीला ना बायको ना पोर, आठवड्यातून एकदा दाढी करतो ती शुक्रवारी. त्या आठवड्यात त्यानं दळणाला आलेल्या बाळीच्या नाचणीत कुणाचे तरी गहू दळले आणि बाळीचं सगळं बोलणं मान खाली घालून ऐकून घेतलं.

पुढच्या शुक्रवारी त्यानं स्वतः उपकेंद्रात जाऊन प्रियांकाला आणलं. आठाचे चार फासे केले होते. दामूनं मंत्र टाकला. एकही भूत मरेना.

"हा राब हाय का उदबत्ती?" दामू फुगला.

प्रियांका हसली खरी, पण खिळ्याला अडकवलेली पर्स काढून खांद्याला लावली. देवजीचं तोंड बघवेना. माझ्याच्यानं राहवलं नाही.

"देवज्या, तू राब कधी भाजलास का रे?"

"माझा जन्म गिरणीत गेला, काकी. शेती भावाकडं."

"तरीच! अरे, आधी शेण, पालापाचोळा पसरायचा, वर माती टाकायची. मग पेटवायचा. वारा येतो तिकडून नाय, त्याच्या समोरच्या अंगानं. म्हंजे आग वाऱ्याच्या तोंडावर सावकाश सरकते. वाऱ्याबरोबर सोडलीस तर भर्रकन वरवर निघून जाते, माती कच्चीच राहते. आणि आग आपला-परका बघत नाय. वाफ्यात उभा तो भाजला."

"सावकाश सरकली तर भुतं पळतील की."

"पळतील. अडवायला कोण नाय का तुमच्यात?"

 मग देवजी आणि दामू दोघांनी एकदमच प्रियांकाकडे पाहिलं. देवजीनं कानामागची पेन्सिल काढली. फासे परत आठ. पहिल्या डावाला वाफा मांडायचा, दुसऱ्याला पेटवायचा, पुढं दर डावाला एकच ओळ जळणार. जो त्यात सापडेल तो भाजला, आपला असो की भूत.

प्रियांकानं पर्स खांद्यावरच ठेवली आणि खेळातली ढाल वाफ्याच्या बांधावर लावली.

दोन ओळी जळल्या तोवर तिनं पाच भुतं मागं ढकलली. तिसऱ्या ओळीला सगळ्यांत मोठा चिंचोका सुटायला बघू लागला. त्याला अडवायला ती शेवटच्या ओळीत शिरली.

"बाहेर ये गो," देवजी म्हणाला, "तुझे पंचवीसच जीव राहिलेत."

"फासे टाका."

"मार अठ्ठावीसच्या आसपास बसतो. माझ्या वहीत हाय."

"मामा, टाका!"

देवजीनं डोळे मिटून फासे टाकले. दामू वाकून मोजू लागला. मोठं भूत गेलंच, पण प्रियांकाचं काय? बावीस... तेवीस... चोवीस!

"एक जीव उरला!" दामू इतका ओरडला की माझी कोंबडी पडवीतून पळाली. देवजीनं रोखलेला श्वास सोडला आणि त्या फुंकरीनं पत्र्यावरचा अर्धा सिद्धगड उडाला.

"पुढच्या टायमाला एखादा फासा कमी करू का?" त्यानं हळूच विचारलं.

"हात लावाल तर बघा," प्रियांका म्हणाली आणि पर्स पुन्हा खिळ्याला अडकवली. "चहा कुणी ठेवतंय का, का मीच ठेवू?"

चहा मलाच ठेवावा लागला.

उन्हं कलल्यावर दोघं गेली. देवजीनं चिंचोके डब्यात भरले, पत्रा पुसला. वरच्या पाड्यातल्या तानीचं काल दळलेलं पीठ तेवढं पोचवायचं राहिलं होतं, तिला गुडघ्यांनी उतरवत नाही. पिठाच्या डब्याचं झाकण घट्ट आहे का ते त्यानं दाबून पाहिलं, डबा सायकलला सुतळीनं बांधला आणि निघाला. चढ लागला तसा खाली उतरून, एक हात डब्यावर ठेवून, सायकल ढकलत वर गेला.