ढोल थांबला की धावून या

सलिमा मणेरीण म्हटलं की निमगाव केतकीच्या बाजारात कुणीबी माझं दुकान दाखवंल. बांगड्या भरणाऱ्या बाईपुढं मनगट लपवता येत न्हाय. संजीवनीचं मनगट मी आठवड्याला बघायचे. बांगड्या फुटलेल्या, वर निळे वळ. काय विचारलं की म्हणायची, "टेम्पोतनं उतरताना लागलं भाभी." रोजच्या रोज टेम्पोतनं पडती का गं कुणी?

तिचा नवरा शिवम. त्याची बँडपार्टी माझ्या दुकानामागच्या पत्र्याच्या शेडात. पार्टी कसली, वाजवणारी माणसं त्यानं कवाच काढून टाकली अन् एक लॅपटॉप आणला. ढोल, ताशा, सनई, संबळ, समदं त्यातनंच वाजतं. पडद्यावर एकेका वाद्याचा एकेक स्लायडर. वर सारला की आवाज चढतो, खाली ओढला की बसतो. वरातीत शिवम गॉगल लावून टेम्पोवर कीबोर्ड बडवायचा, अन् संजीवनी खाली बसून स्लायडर सांभाळायची. नवरी निघाली की सनई वर, पोरं नाचायला लागली की ढोल वर. हात लोण्यावाणी चालायचा पोरीचा.

अन् तोच हात तो मुडदा पिरगाळायचा. सणसरच्या एका लग्नात सनईखाली त्याच्या कीबोर्डाचा आवाज दबला, एवढंच निमित्त. शेडाला आतनं कडी घातली, वरातीचं गाणं लावलं, ढोलाचा स्लायडर पार वर नेला अन् कमरेचा पट्टा काढला. तवापासनं तीच रीत पडली. पत्रा थडथडायचा, माझ्या काचेच्या कपाटातल्या बांगड्या किणकिणायच्या, अन् माझ्या दारात भाजी-माळवं मांडून बसलेली बनाबाई कौतुकानं म्हणायची, "गुणी पोरगं हाय. रोज प्रॅक्टिस करतंय बघ."

एकदा मी जाऊन दार बडवलं. तर हा घाम पुसत बाहेर. "प्रॅक्टिस चाललीया भाभी, या की चहाला." गोड हसला मेला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बाजारानं मलाच वेड्यात काढलं, अन् सांजच्याला माझ्या त्या दार बडवण्यापायी त्यानं संजीवनीची दोन बोटं मोडली.

मी म्हणले, "चल, आत्ता इंदापूरला पोलिसात जाऊ."

"अन् सांगायचं काय? तुमी सोडून कुणी ऐकलंय? ढोल वाजतोय तवर मी कुणाला ऐकूच येत न्हाय."

मग त्यानं पोटच्या पोरीला, राजेश्वरीला हात लावला. सहा वर्साचं लेकरू, आईच्या आडवं आलं म्हणून उचलून स्पीकरच्या खोक्यावर फेकलं. ओठ फाटला पोरीचा. दुसऱ्या दिवशी संजीवनी दुकानात आली ती बांगड्या भरायला न्हाय. डोळ्यात पाणीबी नव्हतं तिच्या.

"भाभी, गाण्याच्या फायलीतच आवाजाचा हुकूम लिहिता येतो. हितं सनई चढव, तितं ताशा उतरव. हातानं स्लायडर कुठंबी न्या, हुकूम आला की तो आपसूक त्या जागी जातो. वरातीचं गाणं मी रात्रीच बदललंय. उद्या बाजार भरला की शेडात मी त्याला सांगणार, पोरीला घेऊन माहेरी चालले म्हणून."

"अगं, जीव घेईल तो तुझा!"

"न्हाय सांगितलं तर पोरीचा घेईल. राजेश्वरीला तुमच्याकडं ठेवते. ढोल थांबला की धावून या. त्याच्या आधी येऊ नका, न्हायतर परत प्रॅक्टिस म्हणंल."

दुसऱ्या दिवशी बाजार भरला. राजेश्वरीला कपाटामागं बसवलं, हातात बत्तासे दिले. मागं कडी वाजली. गाणं सुरू झालं. ढोल असा कडाडला की दारातली माणसं कान झाकून हसायला लागली. बनाबाई म्हणली, "आज लईच रंगात हाय!" मला तिचं तोंड दाबावंसं वाटलं. अल्ला, थांबव की रे तो ढोल!

अन् थांबला. ढोल, ताशा, सनई, समदं एकदम गप.

पत्र्यापलीकडनं पट्टा अंगावर बसल्याचा आवाज आला. मग किंचाळी. मग शिवमच्या तोंडची शिवी, मग परत पट्टा. एक क्षण ढोल उसळला अन् परत मेला. परत उसळला, परत मेला. मधल्या जागेत त्या पोरीचं ओरडणं, उघडंवाघडं, सगळ्या बाजारात गेलं. माळवं निवडणारे हात थांबले. बनाबाईच्या हातातली वांगी खाली पडली.

"रामहरी, दार तोड!" मी बोंबलले.

बनाबाईचा नवरा रामहरी तराजूचं दोन किलोचं माप घेऊन धावला. तीन दणक्यात कडी निखळली. आत शिवम. एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात लॅपटॉपचा माऊस. ढोलाचा स्लायडर वर ढकलत हुता, अन् तो परत खाली घसरत हुता. पायाशी संजीवनी, तोंडातनं रक्त, एक डोळा मिटलेला.

"प्रॅक्टिस..." तो म्हणला.

रामहरीनं ते माप त्याच्या हातावरच घातलं. माऊस पडला, हाड वाजलं. मग बाजार आत शिरला. पुढचं मी बघितलं न्हाय अन् बघावंसंबी वाटलं न्हाय. पोलीस आले तवा त्याला उचलूनच न्यावं लागलं.

बनाबाई संजीवनीपाशी गुडघ्यावर बसली. संजीवनीनं उघड्या डोळ्यानं तिच्याकडं बघितलं अन् विचारलं, "मावशी, आता येतंय ऐकू?"

बनाबाईनं पदर फाडला अन् रक्त पुसत राहिली.

केस चालू हाय. शेड आता संजीवनीकडं हाय. वरातीत टेम्पोवर ती बसती, मोडलेली बोटं नीट वळत न्हायत, तरी सनई असली चढवती की म्हातारी माणसंबी दारात येतात. इंदापूरपतोर वरातीच्या सुपाऱ्या घेती. केस दाखल झाली त्या दिवशी मी तिच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या हुत्या. वर्स झालं, त्याच हायत. एक बी फुटली न्हाय. माझ्या दुकानाचं एक कायमचं गिऱ्हाईक गेलं म्हणायचं. जाऊ दे, असं गिऱ्हाईक गेलेलंच बरं.